घरचा संगणक आणि राउटर : चार आंकड्यांची ओळख

विद्यार्थ्यांनो, आपल्या तालुक्यांतील पुष्कळ घरांत आतां संगणक आला आहे, व त्याच्या शेजारीं दोन-तीन हिरवे दिवे लुकलुकणारी एक लहानशी पेटीही आली आहे. ह्या पेटीस राउटर म्हणतात. २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां अनेक पालकांनीं पोटास चिमटा घेऊन हीं दोन्ही यंत्रें घरीं आणलीं. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख जवळ आली, कीं बाजारांतील संगणकाच्या दुकानापुढें आपल्याच विद्यार्थ्यांची रांग लागलेली दिसते. कारण विचारलें असतां उत्तर मिळतें, "घरीं नेट लागत नाहीं, सर." अधिक चौकशी करतां बहुधा असें आढळून येतें कीं, यंत्रांत बिघाड कोणताच नाहीं, एखादा आंकडा चुकला आहे, किंवा मिळावयाचा तो मिळालेला नाहीं. आणि तेवढ्यासाठीं मुलगा आपल्या खात्याचा परवलीचा शब्द व वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसास सांगून मोकळा होतो. दुकानदारास चार पैसे जातात ह्याचें मला तितकें वाईट वाटत नाहीं. घराची किल्ली अशा रीतीनें परक्याच्या हातीं पडते, ह्याचें वाटतें. म्हणून ते आंकडे कोणते, ते कशासाठीं असतात, व चुकले असतां चूक कशी हुडकावी, ह्याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम टपालाचें उदाहरण घेऊं. वैजापूरचा पिन कोड ४२३७०१ हा आहे. पिन कोडची पद्धति आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, व तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्रांतीलच होते. ते टपाल व तार खात्यांतील मोठे अधिकारी असून संस्कृत कवि म्हणूनही प्रसिद्ध होते. ह्या सहा आंकड्यांतील पहिला देशाचा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल निवडण्याचा जिल्हा, व शेवटचे तीन मिळून टपालकचेरी. आतां मौज पाहा. आपल्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण छत्रपति संभाजीनगर. तेथील पिन कोड ४३१००१. शेजारच्या गंगापूरचा ४३११०९. मग वैजापूरचेच पहिले तीन आंकडे ४२३ कां असावे? हेच ४२३ मनमाडच्या ४२३१०४ ह्यांत, येवल्याच्या ४२३४०१ ह्यांत व कोपरगांवच्या ४२३६०१ ह्यांत आहेत. आणि तीं गांवें तर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत मोडतात! ह्याचा उलगडा असा कीं, पिन कोड हा महसुलाची हद्द पाहून दिलेला नाहीं. टपाल कोणत्या मार्गानें येतें-जातें, हें लक्षांत घेऊन दिलेला आहे. जाळ्यांतील संगणकांचे आंकडे ह्याच तत्त्वावर चालतात. आंकड्याचा आरंभींचा भाग वाट सांगतो, व शेवटचा भाग घर सांगतो.

संगणकाच्या ह्या आंकड्यास आयपी पत्ता म्हणतात, व हा आपल्या चार आंकड्यांतील पहिला होय. घरोघर जो प्रचारांत आहे त्याचें स्वरूप १९८१ सालीं ठरलें. त्यांत टिंबांनीं तोडलेल्या चार संख्या असतात व प्रत्येक संख्या ० पासून २५५ पर्यंत असूं शकते, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. (संगणकांत भरतांना हे आंकडे इंग्रजी अंकांतच भरावयाचे असतात, हें विसरूं नये.)

परंतु ह्या चार संख्यांपैकीं वाट कोठें संपली व घर कोठें सुरू झालें, हें संगणकास कसें कळावें? पिन कोडांत पहिले तीन व शेवटचे तीन ही वांटणी कायमची आहे. येथें तशी नाहीं. म्हणून दुसरा आंकडा द्यावा लागतो, त्यास सबनेट मास्क म्हणतात. घरगुती जाळ्यांत तो बहुधा २५५.२५५.२५५.० असा असतो. जेथें २५५ आहे तेथील संख्या जाळ्याची, व जेथें ० आहे तेथील संख्या यंत्राची, असा त्याचा अर्थ. म्हणजे १९२.१६८.१ हें आपल्या घरचें जाळें, व १० हा त्यांतील आपल्या संगणकाचा क्रमांक. शेवटच्या जागीं ० ते २५५ असे २५६ क्रमांक बसतात. त्यांतील ० हा त्या जाळ्याचा निर्देश करण्यासाठीं व २५५ हा सर्वांस एकदम हांक मारण्यासाठीं राखून ठेविलेला असतो. उरले २५४, त्यांतील एक राउटर स्वतः घेतो. तेव्हां २५३ यंत्रें एका घरांत नांदूं शकतील. आपल्याकडील कोणत्याही एकत्र कुटुंबास एवढीं पुरावीं.

तिसरा आंकडा गेटवेचा. गेटवे म्हणजे गांवाची वेस. संगणकास कोठेंही कांहीं पाठवावयाचें असलें, कीं तो आधीं स्वतःचा पत्ता व पलीकडल्याचा पत्ता ह्या दोहोंस मास्क लावून पाहतो. दोन्हींचा जाळ्याचा भाग एकच निघाला, तर पलीकडलें यंत्र घरांतच आहे, असें तो समजतो. मग घरभर दवंडी पिटून "१९२.१६८.१.२० कोण?" असें विचारतो, आणि कोपऱ्यांतील छपाईयंत्रानें "मी" म्हटलें, कीं आपला मजकूर त्यास थेट देऊन टाकतो. जाळ्याचा भाग निराळा निघाला, तर मात्र तो मजकूर वेशीवर नेऊन देतो. वेशीच्या बाहेर काय आहे हें त्यास ठाऊक नसतें व असण्याची गरजही नसते. पुढली वाट पाहणें हें राउटरचें काम. ही वेस म्हणजे राउटरचा घराकडील पत्ता होय, व तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो.

ह्या ठिकाणीं दोन चुका वारंवार होतात. राउटर १९२.१६८.०.१ वर असतां संगणकास कोणी १९२.१६८.१.१० हा पत्ता देऊन ठेवितो. मग वेस एका गांवाची व घर दुसऱ्या गांवांत, अशी अवस्था होऊन कांहींच पुढें सरकत नाहीं. दुसरी चूक मास्कची. तो २५५.०.०.० असा भरला गेला, तर ज्यांचा पत्ता १९२ नें सुरू होतो तीं जगांतील सर्व यंत्रें आपल्याच घरांत आहेत अशी संगणकाची समजूत होते, व तो त्यांना घरांतच हांका मारीत बसतो. तेवढींच स्थळें उघडत नाहींत, बाकीचीं उघडतात. आणि दोष कोठें आहे हें कोणास उमगत नाहीं.

चौथा आंकडा डीएनएसचा. मनुष्यास नांवें लक्षांत राहतात, यंत्रास आंकडे लागतात. ह्या दोघांमधील दुभाष्या म्हणजे डीएनएस. आरंभीं जाळ्यावर यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां त्या सर्वांच्या नांवांची एकच यादी अमेरिकेंत ठेवीत असत, व जो तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रें वाढलीं तशी ती यादी आवरेना. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं नांवांचा कारभार अनेक ठिकाणीं वांटून देण्याची युक्ति काढली, तीच आज चालूं आहे. २०१४ सालापासून देवनागरींतील '.भारत' ह्या अक्षरांनीं संपणारीं नांवेंही घेतां येतात. संगणकांत नांव लिहिल्यावर तो प्रथम ह्या चौथ्या आंकड्याच्या यंत्रास "ह्या नांवाचा पत्ता काय?" असें विचारतो, व तें सांगेल त्या ठिकाणीं डोळे मिटून जातो.

डोळे मिटून जातो, हे शब्द मीं जाणूनबुजून लिहिले आहेत. नोव्हेंबर २०११ मध्यें अमेरिकेच्या तपासखात्यानें डीएनएसचेंजर नांवाच्या एका कपटाचा छडा लाविला. शंभरांहून अधिक देशांतील सुमारें चाळीस लाख संगणकांत शिरून त्यानें हा चौथा आंकडा बदलला होता. तेवढ्यानें त्या संगणकांचे धनी चोरांच्या इच्छेस येईल त्या पानावर नेले जात होते. चोर पकडले गेल्यावर त्यांच्या यंत्रांच्या जागीं कांहीं महिने तात्पुरतीं प्रामाणिक यंत्रें ठेवण्यांत आलीं; तीं ९ जुलै २०१२ रोजीं बंद केलीं. ज्यांनीं तोंपर्यंत आपला आंकडा सुधारला नव्हता, त्यांचा दुभाष्याच त्या दिवशीं नाहींसा झाला. तेव्हां राउटरच्या आंतील व्यवस्थेचें पान ज्या परवलीच्या शब्दानें उघडतें, तो पेटीच्या तळाशीं छापलेला शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. पाहुण्यांस वायफायचा शब्द द्यावा लागला तरी हा दुसरा शब्द कोणासही देऊं नये. हे दोन शब्द निरनिराळे आहेत, हेंच पुष्कळांस माहीत नसतें.

आतां एक शंका सहज मनांत येईल. १९२.१६८.१.१० हा पत्ता वैजापुरांतील एका घरांत आहे, येवल्यांतील दुसऱ्या घरांत आहे, आणि लंडनमध्येंही हजारों घरांत असेल. मग उत्तर नेमकें आपल्याच घरीं कसें येतें?

ह्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वैजापूर तालुका निजामाच्या राज्यांत होता, आणि पलीकडचीं येवलें व कोपरगांव हीं १९४७ पर्यंत इंग्रजी अमलाखालीं होतीं. निजामाचें टपालखातें स्वतंत्र असून त्याचीं तिकिटेंही स्वतंत्र होतीं. परंतु तीं तिकिटें त्याच्या राज्यापुरतींच चालत. वैजापूरहून औरंगाबादेस पत्र पाठवावयास तें तिकीट पुरे. तेंच पत्र हद्दीपलीकडे येवल्यास धाडावयाचें, तर त्यावर हिंदुस्थान सरकारचें तिकीट हवें. आपल्या पणजोबांस ही गोष्ट अंगवळणीं पडलेली होती.

१९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते असेच घरापुरते आहेत. १९९६ सालीं ते, १० नें सुरू होणारे, व १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते खासगी वापरासाठीं म्हणून नियमानें राखून ठेवण्यांत आले. बाहेरच्या जाळ्यांत त्यांना किंमत नाहीं. आपला मजकूर वेशीवर आला, कीं राउटर त्यावरील घरचा पत्ता काढून बाहेर चालणारा पत्ता त्यावर घालतो, आणि कोणत्या यंत्रानें कोणास काय पाठविलें ह्याची नोंद आपल्या वहींत करून ठेवितो. उत्तर आलें, कीं वही पाहून तें ज्याचें त्यास पोंचवितो.

असा खटाटोप कां करावा लागला? भारतांत सर्वसामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या द्वारें. त्या वेळीं घरांत एक संगणक व एक टेलिफोनची तार, म्हणून एकच पत्ता पुरे. आज एकेका घरांत चार मोबाइल, दूरचित्रवाणी व संगणक असे सर्वच पत्ता मागूं लागले आहेत. आणि १९८१ च्या पद्धतीनें जगांत एकंदर पत्ते होऊं शकतात ४,२९,४९,६७,२९६. जगाची लोकसंख्या मात्र आठशें कोटींच्या पुढें गेली आहे. जगाच्या सामाईक सांठ्यांतील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले. त्यामुळें आतां कित्येक ठिकाणीं कंपनीही अनेक घरांस मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. आयपीची सहावी आवृत्ति हा ह्यावरील खरा उपाय. तींत पत्त्यांची कमतरता नाहीं, व ती वापरणाऱ्या देशांत भारत पुढें आहे. तो विषय मोठा आहे, म्हणून येथें सोडून देतों.

हे चार आंकडे दर वेळीं हातानें भरावे लागत नाहींत. वसतिगृहांत नवा विद्यार्थी आला, कीं अधीक्षक त्यास रिकामी खाट दाखवितात, भोजनगृह कोठें, दार केव्हां बंद होतें, हें सांगतात, व वहींत नांव लिहितात. राउटर हेंच करतो. ह्या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. नवें यंत्र "कोणी आहे का?" अशी हांक देतें, राउटर "हा पत्ता घे" म्हणतो, यंत्र "घेतों" म्हणतें, व राउटर "दिला" असें सांगून व्यवहार पुरा करतो. पत्त्याबरोबर मास्क, गेटवे व डीएनएस हेही सांगितले जातात. पत्ता कायमचा नसून ठरीव मुदतीचा असतो, व मुदत संपण्यापूर्वीं यंत्र ती वाढवून मागतें.

म्हणून घरच्या संगणकाची जोडणी करतांना प्रथम सर्व कांहीं राउटरवरच सोंपवावें, हें माझें स्पष्ट मत आहे. विंडोजच्या अकराव्या आवृत्तींत (दहावीचा सांभाळ कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला) 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट' येथें जावें. केबल जोडली असेल तर 'ईथरनेट', बिनतारी असेल तर 'वायफाय' व त्याखालील आपल्या जाळ्याचे गुणधर्म निवडावे. तेथें 'आयपी असाइनमेंट' अशी ओळ दिसेल. तिच्यापुढें 'ऑटोमॅटिक' असेल तर कांहींएक करूं नये. 'मॅन्युअल' असेल, आणि तें कोणी व कां केलें हें घरांत कोणासच सांगतां येत नसेल, तर 'एडिट' दाबून 'ऑटोमॅटिक' करावें. दुरुस्तीस नेऊन आणलेल्या संगणकांत दुसऱ्याच ठिकाणचे आंकडे राहून गेल्याचें मीं अनेकदां पाहिलें आहे.

हातानें आंकडे भरण्याचे प्रसंग थोडे : छपाईयंत्राचा किंवा कॅमेऱ्याचा पत्ता बदलूं नये असें वाटत असेल तेव्हां. त्या वेळीं राउटर जे क्रमांक आपण होऊन वांटतो ते सोडून क्रमांक घ्यावा. राउटर १०० ते २०० वांटीत असेल तर २० घ्यावा. नाहींतर एकाच खाटेवर दोघे विद्यार्थी, असा प्रसंग येतो.

जोडणीविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. प्रथम शक्य तर केबलनें जोडून पाहावें, म्हणजे वायफायचा घोटाळा मध्यें येत नाहीं. केबल 'लॅन' असें लिहिलेल्या छिद्रांत घालावी. वायफाय असेल तर जाड मातीच्या भिंतींच्या जुन्या घरांत पांच गिगाहर्ट्झपेक्षां २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर पोंचते, वेग मात्र कमी मिळतो.

आतां नेट लागत नाहीं तेव्हां काय करावें, हा मुख्य भाग राहिला. जवळून दूर जावें, हा क्रम सोडूं नये. बहुतेक जण उलट करतात. थेट कंपनीस फोन लावितात.

आधीं पेटीचे दिवे पाहावे. प्रकाशतंतूच्या पेटीवर 'लॉस' हा दिवा तांबडा पेटला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीं. रस्त्याच्या खोदकामांत तंतु तुटला असण्याचा संभव मोठा, व घरांत कितीही खटपट केली तरी व्यर्थ. दिवे ठीक असतील तर संगणकांत 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून तेथें 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्यें जागा न सोडतां, लिहून एंटर दाबावें. पत्ता, मास्क व गेटवे हे तीन आंकडे समोर येतील. तो शब्द लिहून एक जागा सोडून तिरपी रेघ व 'ऑल' लिहिलें, तर डीएनएसही दिसेल. पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर समजावें कीं संगणकानें हांक दिली पण राउटरनें ओ दिली नाहीं, म्हणून त्यानें स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. अशा वेळीं केबल नीट बसवावी, राउटर बंद करून मिनिटभरानें सुरू करावा, आणि 'ऑल' ऐवजीं 'रिन्यू' लिहून पत्ता पुनः मागावा. ह्याच एका कारणावरून नवें कार्ड विकत घेतलेले पालक मला ठाऊक आहेत. कार्डाचा दोष नसून केबलची टोपी सैल झाली होती.

पत्ता ठीक असेल तर 'पिंग' हा शब्द व त्यापुढें गेटवेचा आंकडा लिहावा. उत्तर आलें म्हणजे वेशीपर्यंतची वाट साफ आहे. मग 'पिंग ८.८.८.८' करावें, हें गूगलचें २००९ पासून सर्वांस खुलें असलेलें डीएनएसचें यंत्र आहे. तेथूनही उत्तर आलें तर गांवाबाहेरची वाटही साफ. शेवटीं आंकड्याऐवजीं एखादें नांव घालून पाहावें. आंकड्यास उत्तर येतें पण नांवास येत नाहीं, असें झालें तर दोष दुभाष्याचा. डीएनएसच्या जागीं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहावें. सर्व पायऱ्या ठीक असून ब्राउझर "हें स्थळ सुरक्षित नाहीं" म्हणत असेल, तर संगणकाचें घड्याळ पाहावें. जुन्या संगणकांतील लहान सेल संपला, कीं तारीख कित्येक वर्षें मागें जाते, आणि स्थळांच्या प्रमाणपत्रांची मुदत पडताळतांना सर्वच खोटीं ठरतात.

वेशीपर्यंत उत्तर येतें आणि ८.८.८.८ पासून येत नाहीं, एवढें निश्चित झालें म्हणजे मग कंपनीस फोन करावा, आणि नेमकें हेंच वाक्य सांगावें. "नेट चालत नाहीं" म्हटल्यास पलीकडचा मनुष्य पेटी बंद करून सुरू करावयास सांगतो, व त्यांत दिवस जातो. जाळें नीट चालूं असतांना चारही आंकडे एका चिठ्ठीवर लिहून ती राउटरच्या पेटीस चिकटवून ठेवावी, म्हणजे बिघाडाच्या दिवशीं ताडून पाहतां येतील. परवलीचे शब्द मात्र त्या चिठ्ठीवर लिहूं नयेत.